खाट भिंतीला टेकली

मळा-फोंतेन्हास, पणजी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

श्रावण अर्धा उलटला आणि बैठकीची भिंत अजून कोरडी आहे. ही बातमी सगळ्यांत आधी तुला कळवतोय. कॉलेजच्या सुट्टीत तू यायचास तेव्हा आई तुझी खाट भिंतीपासून हातभर लांब ओढायची, आठवतंय ना? सकाळी उशीवर रंगाचे पापुद्रे पडलेले असायचे.

आजोबांनी हे घर गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ साली, लिस्बनला निघालेल्या कुटुंबाकडून घेतलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दीड हात जाड, वर चुन्याचा गिलावा. पुढे बाबांनी कुणाच्या तरी सल्ल्याने तो काढून सिमेंट थापलं. तिथेच घोडं अडलं. चिरा सच्छिद्र असतो. पलीकडे ओरेमची खाडी, वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे ओल जमिनीतून वर चढणारच. चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडून ठेवतं. मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीतले क्षार वर येऊन गिलावा सुटतो. गवंड्याने हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून दाखवली, जिकडेतिकडे पोकळ आवाज. एक ढलपी ओढली तर मागून चिऱ्याची लाल भुकटी भुरभुर खाली आली. बाबांचा हात धरून कोणी वेळीच थांबवायला हवं होतं, असं फार वाटलं रे.

दिवाळीनंतर सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि भिंती शिगम्यापर्यंत तशाच उघड्या वाळू दिल्या. तोवर चुना टाकीत भिजत होता. वाळूत मळताना त्यात गुळाचं पाणी. पातळ थर द्यायचा, तो आवळला की दुसरा, आणि रोज पाणी मारत राहायचं. शेजारी म्हणायचे, एवढ्या वेळात नवं घर उभं राहिलं असतं. राहिलंही असतं, पण मला हेच हवं होतं.

छपराचे चार वासे वाळवीने पोखरले होते, ते आणि रिपा बदलल्या. जुनी मंगलोरी कौलं धुऊन परत चढवली. भाग संवर्धन क्षेत्रातला, त्यामुळे दर्शनी बाजू बदलायला परवानगी लागते. आम्हाला बदलायचीच नव्हती.

खरी ओढाताण आतल्या सोयींची. आईचे गुडघे गेलेत, परसातल्या न्हाणीघरापर्यंत तिला रात्री जाववत नाही. तिच्या खोलीलगतच्या कोठीत न्हाणीघर-संडास केला, आडवी भिंत हलक्या बोर्डाची, चिऱ्याला धक्का नाही. विजेच्या तारांसाठी इलेक्ट्रिशियन भिंतीत झिरी मारायला निघाला होता. त्याला हात जोडले. तारा आता लाकडी पट्टीआडून छताच्या कडेने फिरतात. एसी फक्त एका खोलीत. बाकी उंच छत आणि समोरासमोरच्या खिडक्या पुरतात, हे मी मे महिन्यात राहून सांगतोय.

आणि शिंपल्यांच्या खिडक्या! लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत एकेक शिंपला सरकवलेला, तळहातापेक्षा लहान, नखाइतका पातळ. सतरा फुटले होते. हे शिंपले समुद्रातून काढायला आता वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून पाडलेल्या एका घराची जुनी चौकट मिळवून त्यातले वापरले. सुताराने दोन दिवस एक शब्द न बोलता ते काम केलं. दुपारी त्यातून येणारा उजेड दुधाळ असतो, आईच्या वहीवर पडला तरी डोळ्यांना टोचत नाही. ती आता वाचायला तिथेच बसते. एसीच्या खोलीत याच खिडक्यांना आतून काचेची तावदानं लावली आहेत.

स्वयंपाकघराचा ओटा अजून व्हायचा आहे, पैसे साठले की करू.

चवथीला ये. तुझी खाट या वेळी भिंतीला टेकवूनच टाकतो.

तुझा,
दिलीप