नानांचा नऊचा चहा

ती. नाना आणि माय,
सा. न.

परवा भाऊनं फोनवर सगळं सांगितलं. नानांनी आखाजीपासून चहा बंद केला आणि तिसऱ्या दिवशी डोक्याला उपरणं बांधून ओट्यावर आडवे पडले. बीपी मोजलं, ठीक निघालं. ऊन लागलं म्हणून पन्हं दिलं. शेवटी शेजारच्या काकांकडे अर्धा कप झाला आणि अर्ध्या तासात डोकं उतरलं. वर तुम्ही म्हणालात, "चहाच मन्हं औषध शे."

नाना, दुखणंही चहाचंच होतं.

दिवसभरात मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो आपल्या जागेवर बसला की अंग जड होतं, झोप येते. जळगावच्या स्टँडवर चोपड्याची गाडी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं चहातलं कॅफिन त्याच्या जागा धरून बसतं. अ‍ॅडिनोसिन बिचारं उभंच. म्हणून तरतरी वाटते, अंगात नवी ताकद काही आलेली नसते. पण रोज जागा अडायला लागल्या की मेंदू जास्तीची बाकडी टाकतो. मग एखाद्या दिवशी रुमालवाला आलाच नाही, की सगळं अ‍ॅडिनोसिन एकदम बसून घेतं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, डोकं ठणकतं, माणूस उगाच खेकसतो. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत हे सुरू होतं, एक-दोन दिवस जोर असतो, कधी आठवडाभर रेंगाळतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून याची रीतसर नोंद आहे. म्हणजे तुम्ही सोंग करत नव्हतात, हे भाऊलाही वाचून दाखवा.

मी शहाणपणा शिकवतोय असं समजू नका. ऑफिसातल्या मशीनची कॉफी मी दिवसाला पाच वेळा प्यायचो. रविवारी उशिरा उठलो की डोकं धरायचं. दोन वर्षं मी त्याला अर्धशिशी म्हणत होतो. चष्म्याचा नंबर काढला, नवी फ्रेम घेतली. रविवारी कॉफीला उशीर होतो, एवढंच कारण होतं.

चहा विष नाही. धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं मानतात, आणि आपल्या छोट्या कपात 30 ते 50 असेल. तुमचे सहा कप त्यात बसतात. पण रोजच्या 100 मिलिग्रॅमवरही, म्हणजे दोन-तीन कपांवरही, सवय जडते. म्हणून एकदम तोडू नका. आठवड्याला एक कप कमी करा, तोही आधी अर्धा करून. डोकेदुखीची गोळी विचारून घ्या, काहींत कॅफिनच असतं.

पहिला जाऊ द्या तो रात्री नऊचा. लाईट रात्रीची असायची, केळीला पाणी द्यायचं असायचं, तेव्हा थर्मास भरून नेत होतात, ते बरोबर होतं. आता मोटार भाऊ चालू करतो, तुम्ही मात्र अजून थर्मासच्या वेळेवर. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊला प्यायलेल्या चहाचा अर्धा कप रात्री दोनला अंगात जागाच असतो, आणि तुम्ही म्हणता वयामुळे झोप उडाली. थोडी वयामुळेही उडाली असेल, पण आधी हा कप काढून बघू.

माय, तुझा चहा मोजायला घरात कुणी नाही. पाहुणा आला की त्याच्याबरोबर घोटभर, सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरलेला, तोही ओट्याला टेकून उभ्यानंच. तुझं एकच काम आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस ना, कडवट लागते म्हणून? चहातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. मेथीची भाजी आणि कळण्याच्या भाकरीतल्या लोहाचंही तेच होतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, आणि जेवण किंवा गोळी झाल्यावर तासभर चहा ठेवू नकोस. नाना मागतील. तासाभरानं देते म्हण.

मी कानबाईच्या रोटांना येतोय. तोवर नाना तीन कपांवर आले पाहिजेत. बशीत ओतून फुंकर मारत पितात ते चालू दे, त्याला माझी हरकत नाही. नऊच्या चहाचं दूध मात्र रोज विरजायला ठेव, मला ताक लागेल.

तुमचा,
बापू