जालावर असूनही न सापडणारे मराठी प्रबंध

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर लघुप्रबंध लिहिते आहे. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेल्या ज्या पेवांच्या भरवशावर सांगलीची हळदपेठ वाढली, त्यांविषयी आधी कोणी काय लिहिले आहे हे पाहण्यातच माझे तीन आठवडे गेले.

गूगल स्कॉलरवर इंग्रजीत शोधले की हळदीच्या औषधी गुणांवरील निबंधांची रास समोर पडते, साठवणुकीचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. देवनागरीत नुसते ‘पेव’ लिहिले तर कुठे कशाकशाचे पेव फुटले आहे त्याच्या बातम्या येतात! (आपल्या दैनिकाचाही त्यात वाटा आहे, हे नम्रपणे नमूद करते.)

प्रबंधांची प्रत संगणकीय स्वरूपात जमा करण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये घातले आणि विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहामुळे देशभरातील प्रबंध घरबसल्या विनामूल्य वाचता येऊ लागले, ही मोठीच सोय आहे. परंतु तेथे मला मिळालेल्या एका मराठी प्रबंधातला परिच्छेद टिपणासाठी उचलला, तेव्हा माझ्या वहीच्या फाइलमध्ये रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराचे असेच होते: पडद्यावर ‘ह’ दिसतो, पण आत साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, त्यामुळे शोधयंत्राच्या लेखी ते प्रकरण मराठीत नसतेच. काही प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे आहेत. शीर्षके रोमन लिपीत, तीही ज्याच्या त्याच्या मर्जीच्या स्पेलिंगने नोंदवलेली असल्यामुळे ‘हळद’ शब्दाला किती वाटांनी गाठावे, हा प्रश्नच पडतो. माझ्या विषयाला सर्वांत उपयोगी पडलेला प्रबंध अखेर सापडला, तो आमच्या ग्रंथपालांच्या स्मरणशक्तीमुळे, आणि ते लवकरच निवृत्त होत आहेत.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेसाठी केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले आणि सुमारे 13,000 नियतकालिके शासकीय संस्थांना खुली करण्याचे ठरवले, त्याचे स्वागतच आहे. मात्र परदेशी प्रकाशकांचे निबंध क्षणात मिळावेत आणि शेजारच्या तालुक्यावर मराठीत झालेले काम मिळू नये, हे मनाला पटत नाही. वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज युनिकोडमध्ये आहे, म्हणून त्यातली नोंद एका शब्दावरून हाती लागते. अडचण भाषेची नाही, हे त्यावरून उघड आहे.

विद्यापीठांनी यापुढे मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत आणि शीर्षक, सारांश व सूचक शब्द मराठी-इंग्रजी दोन्हींत घ्यावेत. जुन्या फॉन्टमधील मजकूर बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांतून निघालेला मजकूर मुळाशी ताडून पाहायला माणसे लागतील, इतकेच. कर्मवीरांच्या सातारा जिल्ह्यातून रुजलेल्या ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना बागकामाबरोबर हे कामही मोबदल्याने देता येईल, आणि उन्हाळी सुटीत त्याची सुरुवात करायला कोणत्याही महाविद्यालयाला दोन संगणक पुरेसे आहेत.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी, सांगली