घाऊक दुकानातली बाकडी परत ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि आमचे हे मिळून चालवतो. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी सकाळी, छोटा हत्ती (छोटा टेम्पो) भाड्याने करून आम्ही शहराबाहेरच्या एका मोठ्या घाऊक दुकानात माल भरायला जातो. तेलाचे डबे, साखर, पोहे, साबण, बिस्किटांचे खोके, सगळं एका छताखाली मिळतं, बिल पक्कं मिळतं, म्हणून जातो. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. मला कुणाला बदनाम करायचं नाही. मला तिथली बाकडी परत हवी आहेत.

बिल झालं की बाहेरच्या दाराच्या अलीकडे डाव्या हाताला नाश्त्याचा काउंटर आहे. तर्री-पोहे, आलूबोंडा, समोसा, चहा, उन्हाळ्यात मठ्ठा. त्याच्यासमोर सहा लांब बाकडी होती, तीन टेबलं होती, आणि भिंतीजवळ थंड पाण्याची टाकी, साखळीला अडकवलेल्या स्टीलच्या ग्लाससकट. गेली काही वर्षं आमचा ठरलेला क्रम होता. ट्रॉली भिंतीला लावायची, ड्रायव्हर भाऊंना आत बोलवायचं, तिघांचे पोहे घ्यायचे, ह्यांनी बीपीची गोळी घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलंय की पोटात काहीतरी गेल्यावरच गोळी घ्या. तोवर दहा-साडेदहा वाजलेले असतात आणि आम्ही अडीच तास उभे असतो.

त्या बाकड्यांवर कोण कोण बसायचं ते सांगते. नंदनवन, मानेवाड्याकडचे किराणावाले. पोरांच्या मेस चालवणाऱ्या बायका. घरून डबे देणारी एक ताई, जिच्याकडून मी मसाल्याच्या डाळभाजीचं प्रमाण शिकले. लग्नाचा सिझन आला की केटरिंगवाले. कोणत्या मिलचं तेल यावेळी बरं आलं, कुणाकडे उधारी बुडाली, कोणत्या कंपनीच्या बिस्किटात वजन कमी केलं पण पुडा तेवढाच ठेवला, हे सगळं तिथेच कळायचं. आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला एवढी माहिती दुसरीकडे कुठे फुकट मिळत नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सुक्या मेव्याचे गिफ्ट बॉक्स मांडायला म्हणून चार बाकडी उचलली. सणापुरतं असेल असं आम्हाला वाटलं. दिवाळी झाली, बॉक्स गेले, तिथे चादरी आल्या. फेब्रुवारीत चादरी गेल्या आणि विकायचे कूलर आले. उरलेली दोन बाकडीही मग गेली आणि छातीएवढ्या उंचीची तीन गोल टेबलं आली, उभ्याने खायची. पाण्याच्या टाकीवर आधी ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला होता. मार्चमध्ये टाकीच दिसेनाशी झाली. तिच्या जागी आता बाटल्यांचा फ्रीज आहे.

कुणी म्हणेल, नागपूरकर पोहे ठेल्यावर उभ्यानेच खातो की. खातो, मीही खाते. पण ठेल्यावर माणूस घरून ताजातवाना येतो, दहा मिनिटं थांबतो, वाटलं तर गाडीच्या सीटवर टेकतो. इथे हात तेलाच्या डब्यांनी भरून आलेले असतात. आणि तर्री-पोहे काही कोरडा पदार्थ नव्हे. काउंटरवरची मुलगी बशीत पोहे घालते, चमच्याच्या पाठीने मधे खळगा करते, त्यात हरभऱ्याची तर्री ओतते, वर कांदा, शेव, चिरलेला सांबार, आणि कडेला लिंबाची फोड. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी.) आता एका हातात ती बशी, दुसऱ्या हाताने ट्रॉली धरलेली, कारण फरशी उताराची आहे आणि ट्रॉली दाराकडे घरंगळते. लिंबू पिळायचं कोणत्या हाताने? उंच टेबलाशी माझ्यासारख्या बुटक्या बाईची हनुवटी पोचते. माझ्या तीन साड्यांवर तर्रीचे डाग आहेत आणि तर्रीचा डाग उन्हात वाळवूनही जात नाही.

डागांसाठी मी पत्र लिहिलं नसतं. एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी ह्यांना चक्कर आली. हे सदुसष्ट वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे दुखतात. बिलाची रांग त्या दिवशी लांब होती. मी पोहे आणायला वळले तेवढ्यात हे पांढरे पडले आणि बाजूला रचलेल्या तांदळाच्या कट्ट्यांवर बसले. लगेच गार्ड आला, ‘काकाजी, मालावर बसू नका, कॅमेऱ्यात दिसते.’ त्या पोराचा दोष नाही. त्याला तसं सांगून ठेवलेलं आहे, आणि बोलताना त्याचंच तोंड उतरलं होतं. मी पाणी मागितलं तर काउंटरवरून उत्तर आलं, बाटली घ्या, वीस रुपये. पैसे माझ्या पाकिटात होते, पाकीट ट्रॉलीत, आणि ट्रॉली मी रांगेजवळ सोडून आले होते. शेवटी डबेवाल्या ताईंनी त्यांच्या पिशवीतली बाटली ह्यांच्या तोंडाला लावली. ज्या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, जिथे एप्रिल लागला की चौकाचौकात लाल फडकं गुंडाळलेले माठ घेऊन पाणपोया उभ्या राहतात, त्या शहरात हजारोंचं बिल केलेल्या माणसाला एक ग्लास पाणी विकत घ्या म्हणून सांगितलं. मला ते फार लागलं.

आमचे सासरे इतवारीच्या ठोक बाजारात माल आणायला जायचे. लग्नानंतर एकदा हट्टाने मीही त्यांच्याबरोबर गेले होते. गल्ली एवढी अरुंद की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की बाजार थांबायचा. पण पेढीची पायरी चढलं की शेठजी आधी म्हणायचे, ‘बसा, पाणी घ्या, भावाचं मग बोलू.’ पांढरी गादी, तक्क्या, माठातलं वाळ्याच्या वासाचं पाणी, आणि पोऱ्या कटिंग चहा आणायला पळायचा. दोन कट्टे घेणारा आणि दोनशे कट्टे घेणारा, दोघांनाही तीच गादी. ठोक व्यापारात गिऱ्हाईक लांबून येतं, त्याचा अर्धा दिवस मोडतो, म्हणून त्याला बसवणं हा व्यापाराचाच भाग होता. नव्या दुकानांनी इतवारीचा धंदा घेतला. गादी नाही मागत मी, बाकडं मागते.

बाकड्याची जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा हिशेब कुणीतरी कागदावर केला असणार. त्या हिशेबाबद्दल मला एक पाहिलेली गोष्ट सांगायची आहे. २०१८ साली मुलीच्या बाळंतपणाला मी अमेरिकेत न्यू जर्सीला गेले होते. तिथे कॉस्टको नावाचं घाऊक दुकान आहे, वर्गणी भरून सभासद झालेल्यांसाठीचं. वर्षाची वर्गणी तेव्हा ६० डॉलर होती. गोदामासारखंच उंच छत, लाकडी पाट्यांवर रचलेला माल, बाहेर पडताना दारात बिल तपासून त्यावर खूण करणारा माणूस. आणि बिलाच्या काउंटरांपलीकडे नाश्त्याची जागा. मुलीला आठवा महिना होता. तिला मी तिथल्या टेबलाला जोडलेल्या बाकावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, आणि जावई खायला आणायला गेले. तिथला नावाजलेला पदार्थ म्हणजे हॉटडॉग, म्हणजे पावात घातलेलं सॉसेज, आणि सोबत पुन्हा पुन्हा भरून घेता येणारं शीतपेय, दोन्ही मिळून दीड डॉलरला. ते सॉसेज गोमांसाचं असतं म्हणून आम्ही चीजचा पिझ्झा घेतला. १ डॉलर ९९ सेंटला एक तुकडा, पण तो आपल्या दोन पोळ्यांएवढा. शेजारच्या बाकावर रंगाच्या डागांचे कपडे घातलेले तीन कामगार जेवत होते, त्यांच्या पलीकडे एक म्हातारं जोडपं एकाच ग्लासातून पीत होतं. तासभर बसलो. कुणी उठा म्हटलं नाही.

जावयांनी सांगितलं की तो दीड डॉलरचा भाव १९८५ पासून तोच आहे. बाकी सगळं महागलं, हा भाव हलवला नाही. तो टिकावा म्हणून कंपनीने सॉसेज बाहेरून घेणं सोडलं आणि स्वतः बनवायला घेतलं. जावयांना ते नवल वाटत होतं, मला मात्र लगेच कळलं, कारण आम्ही साखरेचं तेच करतो. साखरेवर किराणावाला जवळपास काही कमवत नाही. गिऱ्हाईक साखरेच्या भावावरून दुकान पारखतं, आणि साखरेला आलं की डाळ, चहापत्ती, मसाले घेऊन जातं. त्या कंपनीच्या नफ्यातला मोठा वाटा वर्गणीतून येतो. पोट भरून, बसून, खुशीत घरी गेलेला माणूस पुढच्या वर्षीची वर्गणी कुरकुर न करता भरतो. दीड डॉलरचा पदार्थ ही त्यांची साखर आहे.

आपल्याकडे तेवढा स्वस्त नाश्ता द्या असं मी म्हणत नाही. पोह्यांचे पाच रुपये वाढवा. आम्ही देऊ, आणि माझ्या ओळखीचे सगळे दुकानदार देतील. पण माणसाला टेकायला जागा द्या आणि प्यायला पाणी द्या.

आणि त्या काउंटरवरच्या मुलीलाही एक स्टूल द्या. आधी गर्दी ओसरली की ती आमच्याच बाकड्याच्या टोकाला दोन मिनिटं बसायची, डबा खायची. आता सकाळी साडेआठपासून पाच वाजेपर्यंत ती उभीच असते. परवा पाहिलं, काउंटरच्या आड एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासत होती. वय असेल बावीस-तेवीस. केरळमध्ये कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी बसण्याचा हक्क मागितला, लावून धरला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये केली. एक स्टूल ठेवायला दुकानमालकाने कायद्याकडे तरी कशाला पाहावं? आमच्या दुकानात कामाला असलेल्या पोरासाठी गल्ल्यामागे स्टूल आहे, आणि आमचं अख्खं दुकान त्यांच्या नाश्त्याच्या काउंटरएवढं आहे.

मी मॅनेजर साहेबांना भेटले. माणूस भला आहे. ह्यांची तब्येत विचारली, चहा दिला, तोही उभ्यानेच, कारण त्यांच्याही केबिनमध्ये दुसरी खुर्ची नव्हती. म्हणाले, ‘मावशी, मांडणीचा नकाशा वरून येतो, माझ्या हातात नाही. तुम्ही रजिस्टरमध्ये लिहा.’ मी लिहिलं. माझ्या खाली डबेवाल्या ताईंनी लिहिलं, त्यांच्या खाली मानेवाड्याच्या दोघांनी सह्या केल्या. पुढच्या खेपेला रजिस्टर उघडून पाहिलं तर आमच्या पानावर कुणाचा शेरा नव्हता, पुढच्याही नाही. म्हणून हे पत्र. नकाशा जिथे काढला जातो तिथेही वर्तमानपत्र जात असेल.

आम्ही महाल आणि नंदनवनातले नऊ किराणावाले आपसात बोललो आहोत. दुकानाला बाकड्यांचा खर्च नको असेल तर दोन सागवानी बाकडी आम्ही वर्गणी काढून देतो. सुतार आमच्याच गल्लीत आहे, मापं त्याने लिहून घेतली आहेत. दोन माठ आणि तिवया मी माझ्या घरून देते. त्यात पाणी भरायला गुरुवारी मी स्वतः येईन, बाकीच्या दिवसांच्या पाळ्या ठरल्या आहेत. दाराजवळची आठ फूट भिंत तेवढी मोकळी करून द्यावी. सध्या तिथे पाच कूलर उभे आहेत.

आपली,
महालातली एक किराणा दुकानदार, नागपूर