सिंगापूरची रात्र खोलीतच काढ

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डिसेंबरात मेलबर्नहून मुंबईला येतानाचा तुझा बेत वाचला. संध्याकाळी सिंगापूरला उतरायचं, हॉटेलात बॅगा टाकायच्या, टॅक्सीने मरिना बे, मर्लायनचा तो सिंहमुखी माशाचा पुतळा, मग रात्री गार्डन्स बाय द बेमधल्या त्या उंच कृत्रिम झाडांचा दिव्यांचा खेळ, आणि सकाळी जमलं तर आणखी काहीतरी. सोबत दोन मुलं, सासूबाई आणि त्यांचा गुडघा. जावईबापू तर नंतर येणार आहेत. माझं ऐकशील तर हे सगळं काट आणि विमानतळाच्या हॉटेलात खोली घे. शहरात पाऊल टाकू नकोस.

एवढं सिंगापूरला उतरून विमानतळच बघायचा का, असं म्हणशील. हो, तोच बघायचा.

आधी घड्याळाचं घे. डिसेंबरात मेलबर्न सिंगापूरच्या तीन तास पुढे असतं. तो दिव्यांचा पहिला खेळ पावणेआठला सुरू होतो, म्हणजे तुझ्या पोरांच्या अंगात तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झालेले असणार. दिवसभर विमानात बसून आंबलेलं पोर त्या वेळी दिवे बघत नाही, रस्त्यातच भोकाड पसरतं. धाकट्याला कडेवर घेऊन, थोरलीचा हात धरून, सासूबाईंना सावकाश चालवत तू तिथे काय बघणार? आणि पहाटे चारला दोघं टक्क जागी होतील, कारण त्यांच्या हिशेबाने सात वाजले! मोठ्या माणसालासुद्धा नव्या वेळेची सवय व्हायला तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस लागतो, मग एका रात्रीत मुलांना काय समजावणार?

दुसरं, हवा. आपल्याकडे मार्गशीर्षात पाऊस आला तर अवकाळी म्हणतो. तिथे डिसेंबर हाच भर पावसाळा. दक्षिण चीन समुद्रावरून येणारा ईशान्येचा वारा पाऊस घेऊन येतो, आणि तो लागला की कधीकधी दोन-तीन दिवस संततधार. नाही लागला तर दुपारी गडगडाटी सरी आहेतच. विषुववृत्त तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. पारा तिशीच्या आसपास असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही. एसीतून बाहेर पडताक्षणी माझ्या चष्म्यावर असं धुकं धरायचं की समोरचं माणूस दिसेना. सासूबाई "मी येते ना, मला काय झालंय" म्हणतील, आणि येतीलही. नंतर रात्रभर गुडघ्याला मलम चोळत बसतील आणि तुला एका शब्दाने सांगणार नाहीत. त्यांचा स्वभाव तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

आता हॉटेल कुठलं, ते नीट वाच, कारण "विमानतळाचं हॉटेल" या नावाखाली चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, दोन वेगळ्या जाती आहेत. एक आतलं, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडे, ट्रान्झिटमध्येच. तिथे पासपोर्टवर काही व्हायची गरजच नाही. विमानातून उतरायचं, चालत जायचं, झोपायचं. खोली रात्रीच्या नाही, तासांच्या हिशेबाने मिळते. दुसरं बाहेरचं, म्हणजे इमिग्रेशन ओलांडून, पण टर्मिनलला चिकटलेलं, जसं टर्मिनल 3 ला लागून क्राउन प्लाझा आहे. खोल्या मोठ्या, पोहण्याचा तलाव, सकाळी व्यवस्थित नाश्ता. टॅक्सीची गरज नाही, पाऊस अंगावर येत नाही.

येताना तुम्ही बाहेरचं घ्या. रात्र पूर्ण मिळतेय, खोली ऐसपैस हवी. मात्र त्यासाठी चौघांचे कागद तीन तऱ्हेचे आहेत हे विसरू नकोस. मुलांचे पासपोर्ट ऑस्ट्रेलियन, त्यांना व्हिसा लागत नाही. तुझा भारतीय, पण ऑस्ट्रेलियाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आहे. सासूबाईंचाही भारतीय, आणि व्हिसा फिरायला आल्याचा. ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असलं की भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला 96 तासांपर्यंत बिनव्हिसा उतरू देतात, पण ही सवलत त्या व्हिसावरच उभी आहे आणि शेवटचा शब्द खिडकीतल्या अधिकाऱ्याचा. त्यामुळे सासूबाईंच्या व्हिसाची मुदत किती उरली आहे ते आजच बघ, आणि सवलतीत बसत नसेल तर सरळ आतलं हॉटेल घे. एकीला आत ठेवून बाकीचे बाहेर, असला घोळ नको. बाहेर जायचं तर प्रत्येकाचं अरायव्हल कार्डही भरावं लागतं, मुलांचंसुद्धा. ते उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, सरकारी साइटवर, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समज. मुलांची ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांची ती कार्डं, हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत गेली तर मुंबईपर्यंत दिसणार नाहीत.

बॅगांचं तेच. तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर मोठं सामान मेलबर्नहून थेट मुंबईला जातं, मध्ये हाती येत नाही. रात्रीचे कपडे, धाकट्याचे डायपर, सासूबाईंची औषधं आणि पोहायचे कपडे जवळ ठेव. पोहायचे कपडे मुद्दाम लिहितेय. खाली निळा तलाव दिसतोय आणि कपडे विमानाच्या पोटात आहेत, हे थोरलीला पटवून सांगणं कोणाच्याही आवाक्यातली गोष्ट नाही. तलाव सकाळीच उरकून घे. तिथे वर्षाकाठी दीडशेहून जास्त दिवस विजांचे असतात, ढग गडगडले की मुलांना पाण्यातून काढावंच लागतं. चार्जरसाठी तीन चौकोनी पायांचा प्लग लागतो, ऑस्ट्रेलियातला चालत नाही.

मग त्या पहाटे चारचं काय करायचं? मागच्या खेपेला मी केलं तेच. मुलांना घेऊन मी विमानतळालाच जोडलेल्या ज्वेलमध्ये गेले. 2019 साली उघडलेला तो काचेचा घुमट तू बघितला आहेस, मोशे साफदी नावाच्या वास्तुकाराचा. त्याच्या माथ्यातून 40 मीटर खाली पडणारा धबधबा छताखालच्या धबधब्यांत जगातला सर्वांत उंच. पण रात्री तो बंद असतो. पाणी नाही, नुसती हिरवीगार झाडी आणि झाडू मारणारी दोन माणसं. "आजी, नळ कोणी बंद केला?" असं धाकट्याने विचारलं आणि थोरलीने त्याला खूप काहीतरी शास्त्रीय समजावून सांगितलं, त्यातलं मला फारसं कळलं नाही. दोघं त्या गुळगुळीत फरशीवर मनसोक्त धावली. कोणी हटकलं नाही, गाडी अंगावर येईल ही भीती नाही. आम्ही खूप उशिराने वर आलो, तर तू तशीच झोपलेली. धाकटा झाल्यापासून तुला इतकी सलग झोपलेली मी पाहिलीच नव्हती. पोरांना मी दारातूनच परत फिरवलं आणि नाश्त्याला नेलं. मला तरी सिंगापूर म्हटलं की तुझी ती झोपच आठवते. या वेळी मी नसेन, पण सासूबाई पहाटे उठतातच. मुलांना घेऊन लिफ्टने खाली जाणं त्यांना जड नाही, आणि थकल्या तर बसायला जागोजाग बाकं आहेत. शहरात तेवढं सुख नाही.

चेक-आउट दुपारी आणि तुमचं विमान संध्याकाळी, तेव्हा खोली दोन-तीन तास वाढवून मिळेल का ते आरक्षण करतानाच विचार. मुंबईच्या विमानाचा बोर्डिंग पास मेलबर्नलाच हाती पडला तर उत्तम. खोली सोडल्यावर सरळ आत जा. टर्मिनल 3 मध्ये फुलपाखरांची बाग आहे, दिवसाउजेडी बघण्यासारखी. टर्मिनल 2 आणि 3 मधली स्कायट्रेन ज्वेलमधून जाते, धबधबा समोरून दिसतो आणि भाडं नाही. धाकटा तीत दहा चकरा मारेल. एक लक्षात ठेव: या टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, त्यामुळे आत भरलेल्या पाण्याच्या बाटल्या तिथे पुन्हा रिकाम्या कराव्या लागतात. सासूबाईंची व्हीलचेअर मात्र दोन्ही विमानांसाठी आधीच नोंदव, त्या नको म्हणाल्या तरी.

परतीचा हिशेब उलटा आहे. मुंबईहून रात्री निघून तुम्ही सकाळी सात-साडेसातला पोचणार, मेलबर्नचं विमान रात्री. बाहेरच्या हॉटेलात चेक-इन दुपारचं, तोवर लॉबीत ताटकळत बसायचं? आणि पोचल्याबरोबर खोली हवी तर आदल्या रात्रीपासूनचं आरक्षण करावं लागतं. तारखेचा हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. तेव्हा परतताना आतलंच घ्या, तासांवर. चौघांना एका खोलीत घेतात का ते मात्र आधी विचार, त्या खोल्या लहान असतात.

आणि हो, जाताना मी डबा देणारच, तू नको म्हणू नकोस. पण सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे अनारसे या वर्षी बाद. चकल्या आणि शंकरपाळे देईन. च्युइंगमही नको, ते 1992 पासून बंद आहे.

तिकिटाच्या वेळा पक्क्या झाल्या की कळव. शहर बघायचं नाही हे सासूबाईंना तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून वाईट दिसेल. मीच रविवारी त्यांना फोन करते.

तुझी,
आई