आधी तिकिटं काढली, मग पत्र लिहिलं

ती. आई-बाबा,
सा. न.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं स्वीडनला, स्टॉकहोमला येताय. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "बघू पुढच्या वर्षी," आणि काशीची तिकिटं परत केली तशी हीही गेली असती. म्हणून पैसे परत न मिळणारीच तिकिटं काढली आहेत.

पाऊस लागेल, भाताची पेरणी असेल, घर बंद कसं ठेवायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. दादाशी बोलणं झालंय. मेअखेर घर शाकारून घेतो म्हणाला, मांजरीचंही तोच बघेल.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. गणपतीला मी येत नाहीये. रजा तेवढीच आहे. आई, रडू नकोस. गणपतीत मी येते तेव्हा तू ओट्यापाशी असतेस आणि बाबा पाहुण्यांत. आपण तिघं एका जागी निवांत कधी बसलोय, सांग बघू.

माझ्याकडे हॅम्बुर्गलाच का नाही, असं वाटेल. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांचा गुडघा माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक. दहा दिवसांत सात देश अशी वरात मला काढायची नाही. एकच शहर, तेही सावकाश. मी गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने गेले होते, तेव्हाच ठरवलं होतं. चौदा बेटांवर वसलेलं गाव आहे, कुठेही वळा, समोर पाणी.

बाबा, वासा नावाचं जहाज तर तुमच्यासाठीच ठेवलंय असं वाटलं मला. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्या सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडालं. तोफांचे दोन मजले, तळ अरुंद, भार सगळा वर. निघायच्या आधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून बघितलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली! राजा लढाईवर, तिकडून घाई करतोय, साहेबाला सांगणार कोण? चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. बंदर खात्यात जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगावं. १९६१ मध्ये ते वर काढलं. तिथला समुद्र कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, आणि मागच्या बाजूचे कोरलेले सिंह अजून तसेच आहेत. आता ते संग्रहालयात आहे, आत अंधूक आणि गार असतं. शाल घ्या.

आई, तुझ्यासाठी स्कान्सेन. १८९१ पासून देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडलेली, आत जुन्या वेषातल्या बायका. तू त्यांच्याशी मराठीत बोलशील आणि त्यांना कळेलही. त्याच आठवड्यात मिडसमर हा त्यांचा उन्हाळ्याचा सण येतो. फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती लहानथोर फेर धरतात. त्या रात्री मुली सात प्रकारची फुलं उशीखाली ठेवून झोपतात, म्हणजे नवरा स्वप्नात येतो म्हणे. मला फुलं गोळा करायला लावायचं नाही, हे आधीच कबूल कर.

जुन्या गावात, गामला स्तानमध्ये, एक गल्ली सगळ्यात अरुंद जागी ९० सेंटीमीटर रुंद आहे, छत्तीस पायऱ्यांची. अगदी आपली पाखाडी. तिथे बाबा खाली बाकावर बसतील आणि आपण दोघी वर जाऊन येऊ. लहानपणी तू मला कडेवर घेऊन चढायचीस ना, आता माझा हात धर.

राहायला लिफ्ट असलेलं, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय. कुकर, चहाची पावडर, तूरडाळ मी नेते. नळाचं पाणी तसंच प्यायचं, उकळत बसू नकोस. रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे साडेतीनला पुन्हा सूर्य, म्हणून सांजवात घड्याळ बघून सातला लाव आणि जाड पडदे ओढून झोपा.

आता नीट ऐका. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, दादा गाडी घेऊन येईल. विमा मी काढलाय. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तूप, पेढे आणू नका, दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. चिवडा चालेल. विमानतळावर बाबांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, आढेवेढे घ्यायचे नाहीत. मध्ये विमान बदलताना ती लोकंच पोचवतात, आणि आर्लांडाला, म्हणजे स्टॉकहोमच्या विमानतळावर, बाहेर मी उभीच असेन. रोज संध्याकाळी अंगणात वीस फेऱ्या, आजपासून. आई, तू मोज आणि मला खरं सांग.

रागावून झालं की फोन करा.

तुमची,
मनू