सूचना : सोमवार, १ डिसेंबरपासून चालण्याची वेळ बदलतेय

सर्व सभासदांना नमस्कार,

थंडीत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला धूर पहाटे वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून निसर्ग उद्यानात ५.३० ऐवजी ७.३० ला जमायचं. फेब्रुवारीअखेरपर्यंत हीच वेळ.

कारण समजून घ्या. या धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे नाकाने श्वास घेतला तर बराचसा नाकातल्या ओलाव्यातच अडकतो आणि तिथे आम्ल तयार होतं. पण भरभर चालताना आपण तोंडाने श्वास घेतो (आणि गप्पाही मारतो!), मग तो थेट श्वासनलिकांपर्यंत पोचतो. नलिका आकसतात, छातीत शिट्टी वाजू लागते. दमेकऱ्यांना हे काही मिनिटांतच जाणवतं. नायट्रोजन डायऑक्साइड कमी विरघळतो, म्हणून आणखी खोल जातो. सल्फेटचे बारीक आम्लयुक्त कणही तसेच.

- दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार, ज्यात श्वासनलिका अरुंद होतात) असणाऱ्यांनी पंप (इनहेलर) खिशात ठेवायचाच. 'घरी राहिला' चालणार नाही.
- उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की त्या दिवशी जॉगिंग बंद. थेट घरी.
- रुमाल बांधून वायू अडत नाही. एन-९५ फक्त कण अडवतो.
- खोकला, धाप वाढली तर डॉक्टरांना दाखवा. नुसत्या हळदीच्या दुधावर काढू नका.

रविवारी, ३० नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उद्यानाच्या गेटजवळ थोडक्यात बैठक आहे. पंप बरोबर आणा, तो नीट कसा ओढायचा ते एकमेकांना दाखवू. ज्यांना ७.३० जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.