पॅन नंबर दोनपुढं काय लिहू?

लातूर,
१९ जून

प्रिय बाळ्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘उद्या करतो’ म्हणालो होतो. तो उद्या आज उजाडला. शिव्या भेटल्यावर दे, राखून ठेव. फोनवरही हे सांगता आलं असतं, पण तू मध्येच ‘थांब, लाइनवर ब्रेकडाउन आलंय’ म्हणतोस आणि माझी गाडी रुळावरून उतरते. म्हणून कागद घेतला.

तब्येत बरी. रक्तातली साखर, म्हणजे एचबीए वन सी, ८.६. आपल्या शेवटच्या हंगामात उसातून साखरेची रिकव्हरी एवढीच होती, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडानं करू? आईचे गुडघे आहेत तसेच.

आता मुद्द्याचं. आपल्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या यंत्रांची यादी गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. कारखाना मोडीत काढायला नेमलेल्या अवसायक साहेबांनी पाच जणांची समिती नेमली, त्यात जुन्यांपैकी मी एकटा. कारण विचारलंस तर, लॅबमध्ये केमिस्ट होतो आणि अजून जिवंत आहे. यादीत २१४ नोंदी आणि शेवटचा रकाना ‘पुढील उपयोग’. प्रत्येक नोंदीपुढं ‘वापरण्याजोगे’ किंवा ‘भंगार’ लिहायचं आणि खाली सही ठोकायची. ११६ पर्यंत सरळ आलो. ११७ वर गाडी अडली. ११७ म्हणजे पॅन नंबर दोन, पाक आटवून साखरेचा दाणा बसवायचं भांडं. तुझ्या अण्णांचा.

थांब, क्रमानं सांगतो, नाहीतर तू म्हणशील ‘आप्प्या, नेहमीसारखा शेपटाकडून सुरू झालास.’

पहिली बैठक गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात झाली. गावातले, शिवारातले, ज्यांचे शेअर बुडाले ते आणि ज्यांचे कधी नव्हतेच तेही, सगळे आले होते. जो तो कारखान्याचं काय करायचं ते खिशात घालूनच आलेला. एकानं मंगल कार्यालय सुचवलं. म्हणे, उसाच्या गव्हाणीपाशी स्टेज आणि चिमणीला लाइटिंग! दुसऱ्याला मळीच्या टाक्यांत पाणी साठवायचं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर, तेव्हापासून लातूरच्या माणसाला रिकामी टाकी दिसली की जीव राहत नाही. मी म्हणालो, साठवा, पण ते पाणी प्यायल्यावर घरी बायको कुठून आलात विचारील. हसले सगळे, पण तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही.

तिसऱ्यानं प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस काढायचा म्हणून छापील कागदच वाटले. आता प्रेसमड कुठून येणार? शंभर टन ऊस गाळावा तेव्हा तीन-चार टन पडतो. ऊस गाळायचा तर कारखाना चालू हवा, आणि तो चालू असता तर आपण व्हरांड्यात कशाला बसलो असतो? को-जनचंही, म्हणजे चिपाडावर वीज करून विकायचंही, तसंच. आपले बॉयलर २१ किलो प्रेशरचे. वीज विकायची तर सहसा ६७ चा तरी लागतो, पुढचे कारखाने ८७ आणि ११० वर गेले. शिवाय इतकी वर्षं थंड पडलेल्या बॉयलरच्या ट्यूबा आतून किती खाल्ल्यात ते त्या ट्यूबांनाच ठाऊक. तिथं मी डोळे मिटून ‘भंगार’ लिहिलं. मिल हाऊसपुढंही लिहिलं. चार मिलचे बारा रोलर, एकाचेही दात जागेवर नाहीत. दिवसाला १२५० टनांची मिल आज कोण चालवणार? शेजारचे पाच-पाच हजार टनांच्या गोष्टी करतात.

मग कोणीतरी चोराखळीचं नाव काढलं. आठवतं ना, २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनात सिलिंडरसाठी माणसं रात्र-रात्र पळत होती तेव्हा, तिथल्या धाराशिव कारखान्यानं इथेनॉलच्या प्लांटमधून ऑक्सिजन काढला होता? तुझ्यासारख्या फिटरला मी काय सांगू, पण बैठकीत मी सगळ्यांना सांगितलं: इथेनॉलमधलं पाणी शोषायला ज्या टाक्या असतात, त्यांत वेगळा झिओलाइट भरला की तो हवेतला नायट्रोजन धरतो आणि ऑक्सिजन पुढं सोडतो. टाक्या त्याच, व्हॉल्व्हचा खेळ तोच. लोक गप्प होऊन ऐकत होते. शेवटी सरपंच म्हणाले, “मग आपलाबी काढा की ऑक्सिजन.” आपल्याकडं डिस्टिलरीच नव्हती हे ते विसरले. तिच्या पायासाठी खणलेला खड्डा मात्र अजून आहे. मिरगाच्या पावसानं भरलाय, त्यात म्हशी बसतात.

पण बाळ्या, त्या रात्री मला एक गोष्ट लक्षात आली. आपण सगळे ‘कारखान्याचं’ काय करायचं असं विचारत होतो, आणि कारखाना नावाची एक वस्तू आता उरलेलीच नाही. गोदाम वेगळं, काटा वेगळा, जमीन वेगळी, पॅन वेगळा. एकत्र कुटुंब मोडल्यावर थोरला-धाकटा आपापला संसार बघतो, तसं ज्याचं त्यानं बघावं. दुसऱ्या दिवशी यादी घेऊन एकटाच हिंडलो.

गोदामं तिन्ही ठणठणीत आहेत. साखरेला ओल चालत नाही म्हणून फरशीखाली काय काय घातलं होतं ते आज कामाला येतंय. तिथं सोयाबीन ठेवता येईल, तूर ठेवता येईल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. माणसं पोती ओसरीत रचून भावाची वाट बघत बसली आणि उंदरांनी वाटा उचलला. गोदामाची रीतसर नोंदणी झाली तर पावती मिळते, पावतीवर बँक कर्ज देते, विकायची घाई राहत नाही. ह्यावर समितीत कोणी तोंड उघडलं नाही. फार साधं होतं म्हणून असेल.

वजनकाटा चालू होऊ शकतो. मोकळ्या जमिनीवर सौर पॅनल बसवायचे म्हटलं तर सरकारच्या कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं ठरलेलं आहे, आणि सबस्टेशन तर आपल्या कुंपणाला लागूनच. रेशमाचाही विचार केला. जालन्याला कोष बाजार झाल्यापासून आपल्या भागातल्या पोरांची कर्नाटकातल्या रामनगरची खेप वाचली, तुतीही वाढली. कोष उकळून धागा काढायचा तर वाफ लागते. पण तेवढ्या वाफेला लहानसा बॉयलर पुरे, आपला ऐरावत कशाला? तो विचार वर्कशॉपच्या शेडपुरता ठेवलाय.

बघ, हे सगळं लिहिताना माझा हात अडखळत नाही. शेरे मारताना पण अडखळला नाही. मला वाटलं होतं मिल हाऊसवर अडखळेल, डोळ्यांत पाणी येईल वगैरे. काही आलं नाही. दुपारी घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग परवा भंगारवाला आला, किंमत करायला. त्याच्याबरोबर विशीतला एक पोरगा, गॅस कटरवाला. पॅनच्या मजल्यावर चढलो. जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच हलते. पोरानं खिशातून पाना काढला आणि पॅन नंबर दोनच्या पोटावर तीनदा वाजवून विचारलं, “काका, आत पितळ हाय का?”

आहे ना. कॅलँड्रियाच्या, म्हणजे पोटातल्या वाफेच्या भागाच्या, सगळ्या ट्यूबा पितळी. म्हणून तर त्याचे डोळे चमकले. पण मी बघत होतो वेगळीकडं. आत बघायच्या काचेच्या, साइट ग्लासच्या, वरच्या कडेला हळदीकुंकवाची पाच बोटं आहेत. शेवटच्या खंडेनवमीची. काळी पडलीत, पण बोटं ओळखू येतात, कारण चौथं अर्धंच आहे. अण्णांचं बोट कोणत्या साली गेलं ते मी तुला सांगायला नको.

मला एकदम त्यांची ती तऱ्हा दिसली. नमुना काढायची प्रूफ स्टिक ओढायची, काचेच्या तुकड्यावर थेंबभर मॅसिक्विट, म्हणजे दाणेदार पाक, घ्यायचं, अंगठ्यानं पसरायचं आणि बल्बसमोर धरून एक डोळा बारीक करायचा. मी लॅबमधून ब्रिक्स, म्हणजे पाकाच्या दाटीचा आकडा, काढून आणेपर्यंत त्यांनी पॅन सोडलेला असायचा. वर म्हणायचे, “केमिस्टसाहेब, तुमचा आकडा आला का? दाणा कवाच बसला.” एकतीस वर्षं!

आणि आता तिढा ऐक. एका गूळ पावडरवाल्यानं हाच पॅन मागितलाय. तो उचलून नेणार आणि येत्या हंगामात चालवणार. त्याची बोली भंगारवाल्यापेक्षा कमी, पितळेच्या वजनापुढं कोण टिकणार? मी ‘भंगार’ लिहिलं तर सरळ वजनावर जाईल. ‘वापरण्याजोगे’ लिहिलं तर समितीला त्याची बोली निदान विचारात घ्यावी लागेल. कामगारांची देणी ह्याच पैशातून भागायची आहेत, त्यात माझी सतरा पगारांची आहेत आणि अण्णांची ग्रॅच्युइटीही. म्हणजे जास्त भाव आला तर तुझ्याच घरात दोन पैसे जास्त येतील.

काल टँकर मागवून कॅलँड्रियाच्या स्टीमच्या बाजूला पाणी भरलं. तीन ट्यूबा गळतात. नुसत्या फुगवल्या की बसतील असं मला वाटतं. पण मला वाटतं ते खरंय, का मला ते वाटून घ्यायचंय? तपासायला दुसरं कोणी नाही. मी केमिस्ट, मला यंत्रातलं कळतं तेवढंच.

आणि हे तुला लिहायचं म्हणजे माझी किती पंचाईत, बघ. धरण्याच्या एकशे बाराव्या दिवशी कॅन्टीनमध्ये तू म्हणाला होतास, “हे आता उठत नाही, आप्पा. जे चांगलं आहे ते काढून घ्या, नाहीतर सगळंच गंजेल.” मी तुला चारचौघांत पळपुटा म्हणालो. तू पुढच्या सोमवारी चाकण गाठलंस आणि वर्षभर माझा फोन घेतला नाहीस. तेव्हाच तुझं ऐकलं असतं तर बॉयलरही विकता आला असता. झालं, लिहून दिलं. फ्रेम करून लाव. पण चहाचे पैसे त्या दिवशी मीच दिले होते, तेही लिहून ठेव.

वहिनींची शाळा सुरू झाली असेल. चिन्याला डिप्लोमाला मेकॅनिकल मिळालं तर घे म्हणावं, कॉम्प्युटरचा हट्ट धरू नको. आणि धरलाच त्यानं तर दे बापडा. तुझा फ्लॅट ताब्यात आला का? पार्किंगवरून भांडू नकोस कोणाशी.

समितीची पुढची बैठक सोमवारी, ३० तारखेला. म्हणजे शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघ, रविवार आपला. हवा तर पंप लावू, प्रेशर देऊ, तू तुझ्या हातानं टेस्ट घे. तू ‘भंगार’ म्हणालास तर मी भंगार लिहीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात यादी कुठवर आली, मी ११६ सांगतो. चार दिवस झाले ११६ च सांगतोय. काल म्हणाले, “पुढचा लई जड दिसतोय.”

येताना चार इंची ट्यूब फुगवायचा एक्सपांडर आण. इथला सापडत नाही म्हणून स्टोअरचं रजिस्टर उघडलं, तर २००९ सालच्या पानावर तुझी सही आहे: ‘आठ दिवसांत परत करतो.’

तुझाच,
आप्पा